पौषातला निंब, खारपाणातल्या बाभळी: एका थांब्याच्या देखाव्यातल्या झाडांचं प्रकरण

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाला आपल्या रेल्वे थांब्याचा देखावा काचेच्या पेटीत करून हवा होता. गाडी म्हणजे अर्थातच शकुंतला. मुर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला, अडीच फुटी रुळांवरून जाणारी. 1994 साली तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं. देखावा वाफेच्या काळातला, म्हणजे साधारण 1980 नंतरच्या पाचसहा वर्षांतला हवा, एवढीच अट होती. इमारत, रूळ आणि डबे दुसऱ्या दोघांनी केले. झाडं माझ्या वाट्याला आली, आणि हे सगळं लिहिणं त्या झाडांपुरतंच आहे.

मोजमाप 1:87 धरलं होतं. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि 9 मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात. मोजमाप रुळांनी ठरवलं, झाडांना कोणी विचारलं नाही. पाटी 120 बाय 45 सेंटिमीटरची. खऱ्या जागेत ती होते 104 मीटर लांब आणि 39 मीटर रुंद. उभा माणूस 19 मिलिमीटरचा. हे आकडे मी भिंतीवर लिहून ठेवले होते, कारण झाड करताना हात सारखा मोठं करायला धावतो.

मी यायच्या आधी वाचनालयाच्या मंडळींनी नागपूरहून तयार झाडांचं एक पाकीट आणून ठेवलं होतं. बिल्डरच्या ऑफिसात इमारतींच्या मॉडेलभोवती लावतात ती झाडं. प्लास्टिकची पिळलेली तार, त्यावर पोपटी स्पंजाचा गोळा, सगळी सहा सेंटिमीटरची. 1:87 मध्ये सहा सेंटिमीटर म्हणजे सव्वापाच मीटर. एवढा निंब म्हणजे काल लावलेलं रोप, आणि ते पारावर उभं केलं की थांबा कालच बांधल्यासारखा वाटतो. उंचीचं एक वेळ सोडा. त्या झाडांना फांदीच नसते. खोड संपलं की थेट पाला सुरू. आपल्याकडचं झाड निम्मं वर्ष तरी फांद्यांनीच ओळखू येतं. लांबून बाभूळ की हिवर की बोर, हे कोणी पान पाहून सांगत नाही.

माती आणि महिना

सचिव साहेबांनी हाताने काढलेला एक नकाशा दिला होता. थांब्याच्या मागे त्यात संत्र्याचा बगीचा होता, ओळीने. अमरावती जिल्हा म्हटला की संत्रा येणारच, आणि पाहुण्यांना दाखवायलाही तो बरा. करायलाही सोपा होता, हे कबूल. संत्र्याची लागवड बहुधा सहा मीटर बाय सहा मीटरवर असते, म्हणजे पाटीवर दर सात सेंटिमीटरला पाच सेंटिमीटरचं एक गोल झाड. ते नागपूरचं पाकीटही खपून गेलं असतं.

पण हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, खोल आणि विहिरीचं पाणी खारं. संत्रा वरुड-मोर्शीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. एकेकाळी या लाइनवर गँगमन असलेले एक आबाजी वाचनालयात रोज पेपर वाचायला येतात. त्यांच्यापुढे नकाशा ठेवला तर त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "काहून लावतं भाऊ संत्रं इथं? पानी खारं हाये. माह्या जन्मात इथं संत्रं लागलं नाही." मी विचारलं, "मग काय होतं, आबाजी?" "निंब होता एक. पारावाला. अन् बाभया. बाकी मग दिसनच दिसन पार इंजिनाचा धूर येईस्तोवर."

मला त्यातलं शेवटचं वाक्य जास्त कामाचं वाटलं. तिथे झाडं फार नव्हतीच. 104 मीटर लांबीच्या पाटीत एक मोठं झाड आणि पाचसहा बारकी, एवढंच खरं दिसणार होतं. देखावा करणाऱ्याला रिकामी जागा खुपते. गणपतीच्या आराशीची सवय असली की आणखीच खुपते. पण खारपाणातली ती मोकळी काळी जमीनच या थांब्याची ओळख होती.

महिना कापसाने ठरवला. ही लाइन टाकली गेली ती वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी. थांब्यावर गाठोडी आणि बैलगाड्या दाखवायच्या तर वेचणीचे दिवस हवेत, मार्गशीर्ष ते पौष. पौष ठरला आणि बऱ्याच गोष्टी आपोआप निकाली निघाल्या. निंबाची तांबूस कोवळी पालवी फाल्गुन-चैत्रातली, म्हणून ती बाद. बाभळीची पिवळी फुलं पावसाळ्याकडची, तीही बाद. पळस फुललेला दाखवावा अशी एकाची फार इच्छा होती. पौषात पळसाला फूल कुठून आणायचं? पौषातला निंब जुन्या, जाड, धुळकट पानांचा असतो. पानगळ माघाच्या पुढे, पण मधूनमधून पिवळी डहाळी दिसायला लागते. तूर शेतात उभी असते, काढणीला आलेली. माझ्या मते देखाव्यातल्या झाडाचं निम्मं काम इथेच होतं, सामानाला हात लावायच्या आधी. माती आणि महिना नक्की नसला की माणूस हिरवा रंग काढतो आणि सगळीकडे तोच फासत सुटतो.

फोटोतला निंब

थांब्यावर जाऊन मोजमाप घ्यावं तर तिथे आज वेड्या बाभळीचं रान आहे. रुळांच्या मधूनही झाडं आलेली आहेत. पण हे सगळं गाडी थांबल्यानंतरचं. चालत्या लाइनवर गँगमन असली झाडं डोकं वर काढू देत नसत. म्हणून आजच्या जागेवरून घेण्याजोगं एकच होतं: पार कुठे आहे ते. तो अजून शाबूत आहे आणि इमारतीच्या समोरच्या भिंतीच्या रेषेत आहे.

बाकी माहिती एका लग्नाच्या फोटोतून मिळाली. वऱ्हाड गाडीची वाट बघत फलाटावर बसलेलं, मागे इमारत, बाजूला निंब, शेंडा कसाबसा चौकटीत मावलेला. निंब आणि इमारतीचं दार कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर असल्यामुळे दाराचा गज करता आला. दार सात फुटी, 2.13 मीटर. फोटोत ते 14 मिलिमीटर भरलं, निंब 92. म्हणजे झाड चौदा मीटरचं. खोड फोटोत पाच मिलिमीटर, म्हणजे खरं पाऊण मीटर जाड. 1:87 मध्ये उंची 161 मिलिमीटर आणि खोड पावणेनऊ.

आकड्यांपेक्षा मोलाच्या दोन गोष्टी त्या फोटोत होत्या. निंबाचा घेर रुळांच्या बाजूने तोडलेला होता. तारयंत्राच्या तारा त्या बाजूने जायच्या, आणि त्यांना लागणाऱ्या फांद्या रेल्वेची माणसं छाटत. त्यामुळे झाड गावाच्या बाजूला झुकल्यासारखं दिसत होतं. आणि खोडावर कमरेच्या वरपर्यंत फिका पट्टा होता. आबाजींनी सांगितलं, खाली गेरू आणि वर चुना, साहेब तपासणीला येणार असला की हमखास. हा पट्टा मॉडेलवर जेमतेम 14 मिलिमीटरचा. पण तो पाहिल्याबरोबर गावातल्या माणसाला ते झाड आपल्या थांब्यावरचं वाटणार, याची मला खात्री होती.

धुऱ्यावरचा बाजार

परदेशात हे काम करणारे सी-फोम नावाची वाळवलेली रानवनस्पती वापरतात. तिच्या बारीक शाखा खरोखर सुंदर असतात, पण तिचा आकार थंड प्रदेशातल्या उंच, विरळ झाडाचा. मागवली तर महाग पडते आणि वाटेत मोडते. आपल्याकडे पौष-माघात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हिंडलं तर त्या तोडीचं सामान फुकट पडलेलं असतं. फक्त एक समज आधी काढून टाकावा लागतो. झाडाची डहाळी तोडून रोवली की तिचं छोटं झाड होत नाही. निंबाची डहाळी निंबासारखी दिसत नाही, डहाळीसारखीच दिसते. पेरं लांब, फाटे कमी. छोट्या झाडासाठी भलतंच झुडूप शोधावं लागतं, ज्याचे फाटे आपल्या मोजमापात मोठ्या झाडासारखे फुटतात.

तुराटी मला रामकाठी बाभळीसाठी सापडली. रामकाठी म्हणजे फांद्या आवळून सरळ वर जाणारी, खराट्यासारखी बाभूळ. तूर झोडल्यावर उरलेल्या काडीचा वरचा वीतभर शेंडा तसाच असतो, फाटे खोडाला धरून वर निघालेले. त्याचा सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे सहा-सात मीटरची रामकाठी. पसरट डोक्याच्या बाभळीला मात्र ती चालत नाही. तिच्यासाठी बियाण्याला सोडलेल्या सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, वाळलेली छत्री उपयोगी पडली. एका काडीतून निघून वर सपाट होणारे बारीक दांडे. असे सात-आठ झुपके तारेच्या फांद्यांवर लावले की लांबून बाभळीचं डोकं तयार होतं. शेपूच्या छत्र्याही चालतात, जरा मोठ्या पडतात. धणे मात्र सगळे झाडून काढायचे. एक जरी राहिला तर त्यात किडा होतो आणि सहा महिन्यांनी काचेच्या आत भुंगेरे फिरताना दिसतात.

पऱ्हाटीकडे मी आधी खोडासाठी बघत होतो, ती कामाला आली बोरीसाठी. कापसाची बोंडं धरणारी फांदी सरळ वाढत नाही. दर पेऱ्याला दिशा बदलते, नागमोडी जाते. बोरीची फांदी नेमकी अशीच चालते. बोंडांची रिकामी टरफलं खुडून टाकली आणि शेंडे उलटसुलट बांधले की धुऱ्यावरची बोराटी होते, फार मेहनत न करता.

गाजरगवताबद्दल वेगळं सांगतो. वाळलेल्या गाजरगवताचा झुपका पाहिला की हात आपोआप जातो. इतकं बारीक, इतकं नेमकं फाटलेलं दुसरं काही धुऱ्यावर नाही. मी ते वापरत नाही आणि कोणी वापरू नये असं माझं मत आहे. त्यातलं पार्थेनिन वाळल्यावरही जात नाही. अंगाला खाज, चट्टे, दमेकऱ्याला दम. वाचनालयात शाळेची पोरं नाक लावून देखावा बघणार. त्याच्याऐवजी धुऱ्यावरच्या बारीक गवताचे तुरे घेतले. काम वाढलं, पण ठीक आहे.

गोळा केलेल्या काड्यांतली कीड मारल्याशिवाय त्या घरात ठेवायच्या नाहीत. लाकडी खोक्यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा नियम आहे की लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापलं पाहिजे. आपल्या बारीक काड्यांना तो सहज पाळता येतो. ओव्हन नसेल तर काळ्या रंगाचा पत्र्याचा डबा झाकण लावून उन्हाळ्याच्या दुपारी गच्चीवर ठेवायचा, आत थर्मामीटर टाकून. वैशाखातलं ऊन एवढं तरी आपल्या कामाचं. वाळलेल्या तुऱ्यांना लवचीक ठेवायला काही जण ग्लिसरिन-पाण्यात बुडवतात. पावसाळ्यात ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढतं, काडी ओलसर होते आणि रंग सुटतो. मी त्यापेक्षा पातळ फेविकॉलमध्ये बुडवून उलटे टांगून वाळवतो.

निंब कसा उभा राहिला

मोठा निंब तारेचा केला. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग तार, साधारण 0.9 मिलिमीटरची. चाळीस तारा एकत्र पिळल्या की साडेसहा मिलिमीटरचा दांडा होतो. त्यावर सालीचा थर मिलिमीटरभर बसला की पावणेनऊ. खाली पाचसहा तारा मुळांसारख्या पसरून पारात बसवायच्या, मधल्या दोन सरळ खाली ठेवायच्या म्हणजे पाटीतल्या भोकात झाड रोवता येतं आणि टेम्पोतून नेताना काढताही येतं.

निंबाचं खोड आखूड आणि सरळ, मग फांद्या वर आणि बाहेर. तीन मीटरवर म्हणजे पाटीवर साडेतीन सेंटिमीटरवर पहिला जुडगा फोडला. चाळीसचे पंधरा, बारा, तेरा. पंधराचे पुन्हा सहा आणि नऊ. रुळांच्या बाजूच्या जुडग्यातल्या तारा मुद्दाम आखूड कापल्या आणि टोकं बोथट ठेवली, फोटोतल्या छाटणीसारखी. नेमकी अर्धवट तोडलेली फांदी दाखवायला दुसरं काही करावं लागत नाही, तार कापली की तसंच दिसतं.

अडचण येते ती शेंड्यांना. एकटी तार 0.9 मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्यात तीन इंची फांदी. झाडाच्या टोकाला तीन इंची फांदी नसते. बहुतेकांचे तारेचे निंब इथेच फसतात. पाला कितीही छान लावा, आत काठ्या दिसतात. म्हणून प्रत्येक टोकाला जुन्या पंख्याच्या लवचीक वायरमधले तांब्याचे केसासारखे धागे गुंडाळून पुढे काढले. तो धागा 0.2 मिलिमीटर, खऱ्यात पावणेदोन सेंटिमीटर. आता फांदी जाडापासून बारकापर्यंत उतरत जाते, आणि पाला विरळ ठेवायची हिंमत येते.

सालीआधी रेड ऑक्साइड प्रायमर मारणं टाळू नये. बाइंडिंग तारेवर ओली लांबी (भिंतीची पुट्टी) थेट लावली की गंज वर येतो आणि पुढच्या पावसाळ्यात खोडावर तांबडे ओघळ दिसतात. साल म्हणजे भिंतीची लांबी आणि फेविकॉल, दह्याइतपत घट्ट. अर्धवट सुकल्यावर सुईने उभ्या चिरा ओढल्या. बाइंडरची खळ स्वस्त पडते म्हणून एकाने सुचवली होती. खळीला कसर लागते, ती लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद लोखंडाला लागला की त्यातलं तांबं लोखंडावर चढतं आणि लोखंड झिजतं. पुस्तकाला ठीक, तारेच्या झाडाला नको.

खोडाचा रंग तपकिरी नसतो, हे एकदा बाहेर जाऊन पाहून यावं. निंब राखाडी, किंचित पिवळसर. बाभूळ काळपट. हिवराची साल तर फिकट, पिवळट पांढरी. पाटीवर बाभूळ आणि हिवर यांत मी फरक ठेवला तो सालीच्या रंगाचाच, कारण पाला दोन्हींचा सारखाच दिसतो. निंबाच्या खोडावर खालून गेरू आणि वर चुन्याचा पट्टा दिला, कडा थोड्या ओघळलेल्या.

पाल्यासाठी सोफ्यातला पांढरा स्पंज. बारीक कातरून, पाणी घालून जुन्या मिक्सरमध्ये फिरवला. ते भांडं मग स्वयंपाकघरात परत जात नाही, हे घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं. पिळून ॲक्रिलिक रंगात कालवला, सावलीत वाळवला, आधी रव्याच्या आणि मग पिठाच्या चाळणीने चाळला. आरामशीनवरचा भुसाही चालतो, पण आपल्याकडे तो बहुतेक सागाचा, मुळात तपकिरी आणि तेलकट. रंग नीट धरत नाही. निंबाचं एक पर्ण पाच-सात सेंटिमीटर लांब, 1:87 मध्ये पाऊण मिलिमीटर. पिठाच्या चाळणीवर राहिलेला कण त्याच मापाचा निघतो. बाभळीचं पर्ण तर चार मिलिमीटरचं, छोट्या मापात ते धुळीचा कण होतं. तिथे पानाचा विचार सोडून द्यायचा आणि चाळणीखाली पडलेली पूड वापरायची.

हिरवा रंग कधीही डबीतून निघाल्यासारखा लावू नये. लहान वस्तू आपण हातभरावरून पाहतो, पण मनात ती पन्नास मीटरवर असते, आणि पन्नास मीटरवरचं झाड मधल्या हवेमुळे फिकट, राखाडीकडे झुकलेलं दिसतं. हिरव्यात पिवळा ओकर आणि थोडा पांढरा घातला. तीन छटा केल्या: आतल्या फांद्यांना गडद, बाहेर मधली, शेंड्यांना फिकी. पिवळी पानं चिमूटभर, तीही एकाच बाजूला. फेविकॉलमध्ये तिप्पट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, हे स्प्रेने मारून वरून पाला भुरभुरायचा. साबणाचा थेंब नसला तर पाणी स्पंजावर मोत्यासारखं बसून राहतं. थांबायचं कधी? झाड खिडकीसमोर धरायचं. पलीकडचा उजेड जागोजागी दिसत असेल तर हात आवरायचा. शेवटी मॅट व्हार्निशचा हलका हात, आणि ते वाळल्यावर मुलतानी मातीत तिथलीच थोडी चाळलेली माती मिसळून कोरड्या ब्रशने धूळ बसवली, रस्त्याकडच्या बाजूला जास्त.

कापूस चालला नाही

झाडांबरोबर शेतही माझ्याकडे आलं. 30 बाय 20 सेंटिमीटरचा कापसाचा तुकडा. दोन फुटांवर झाड धरलं तर सात मिलिमीटरला एक, म्हणजे हजारावर झाडं. ती एकेक करणं वेडेपणा होता. काथ्याचे धागे ओळीने चिकटवले, सव्वा सेंटिमीटरवर कापले, वर मळकट हिरवा पाला. मधून तुरीच्या ओळी, दोन सेंटिमीटर उंच, शेंड्याला पिवळट.

मंडळींचा आग्रह होता की बोंडं तरी खऱ्या कापसाची असावीत. कापसाच्या गावात नकली कापूस कशाला? करून दाखवलं. फुटलेलं बोंड सहा-सात सेंटिमीटरचं, म्हणजे पाटीवर पाऊण मिलिमीटरचा ठिपका. खऱ्या कापसाचा तेवढा पुंजका तुटत नाही. धागा येतो, तो शेजारच्या झाडात अडकतो आणि शेतावर जाळं पसरल्यासारखं दिसतं. रवा मापात बसला असता, पण त्यात सोंडे होतात. शेवटी पांढरी रांगोळी चाळून तिचे जाड कण घेतले. कापूस म्हणून ते कुणालाही पटतं. रंगीत रांगोळी मात्र पाल्यासाठी अजिबात नको, फेविकॉलचं पाणी लागलं की तिचा रंग पसरतो.

जमिनीला तिथलीच काळी माती लावायचा मोह मलाही होता. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. फेविकॉलमध्येही तिने स्वभाव सोडला नाही. दोन मिलिमीटरची भेग म्हणजे खऱ्यात पावणेसात इंचांची. वैशाखातल्या शेतात चालली असती, पौषात उभ्या कापसाखाली नको. म्हणून खाली बारीक रेती आणि लांबीचा थर, वरून काळ्या मातीची फक्त पूड.

हरकत आणि तडजोड

पाटी पूर्ण मांडल्यावर सचिव साहेबांची हरकत आली, आणि ती खोटी नव्हती. "एवढी मोठी पाटी अन् झाडं मोजून सहा? लोक म्हणतील काम अर्धवट ठेवलं." निंब एक, बाभळी चार, हिवर एक. संत्र्याचा विषय पुन्हा निघाला. कोणी म्हणालं, मागच्या कडेला का होईना, चार लावा.

मी संत्रं लावलं नाही. पण मागच्या कडेला काहीतरी हवं होतं, हेही खरं. पाटी भिंतीला जिथे संपते तिथे नजर थेट आपटत होती. म्हणून शेताच्या धुऱ्यावर पऱ्हाटीच्या बोराट्या दाट केल्या आणि अगदी मागे, क्षितिजाजवळ, चार सेंटिमीटरच्या तीन बाभळी आणखी फिक्या रंगात लावल्या. मापाने त्या लहान आहेत, म्हणून दूरच्या वाटतात. पाटी त्यामुळे खोल झाली. साहेबांचं समाधान पूर्ण झालं असं म्हणणार नाही, आबाजींनी मात्र चुन्याच्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कोनं सांगतलं तुले?" मी म्हटलं, "तुम्हीच." ते त्यांना आठवत नव्हतं.

पेटी दक्षिणेच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावून घेतली, कारण उन्हाने स्पंज पिवळा पडतो आणि पुढे भुगा होतो. काच सगळीकडून घट्ट बंद केली तर पावसाळ्यात आत बुरशी धरते. मागच्या बाजूला बारीक जाळीची दोन भोकं ठेवली आहेत. धूळ झटकायची ती चित्रकलेच्या मऊ ब्रशने, वरून खाली, फुंकर न मारता. उरलेला पाला तीन छटांच्या तीन डब्यांत वाचनालयाच्या कपाटात आहे. रंग कसे मिसळले त्याचं प्रमाण झाकणाच्या आतून लिहून ठेवलंय, कारण निंबाचा एखादा शेंडा पोरांच्या हाताने कधी ना कधी झडणारच.